घरी परतलेली तार

मोबाइलवरून बोललेला आवाज हवेतून जातो तो मुख्यतः जवळच्या टॉवरपर्यंत. तेथून पुढे तो कधी मायक्रोवेव्हच्या दुव्याने, तर लांबच्या प्रवासात जवळजवळ नेहमीच काचतंतूतून, म्हणजे सर्वत्र फायबर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून वाहतो. हवेतला पहिला टप्पा जेमतेम काही किलोमीटरांचा असतो आणि तो सुरळीत आहे तोवर त्याची जाणीवही कोणाला होत नाही, परंतु डोंगराने, भिंतीने किंवा अंतराने तो तुटला की हातातले महागडे यंत्र मुके होते. हा तुटलेला टप्पा टॉवरऐवजी घरातल्या ब्रॉडबँड जोडणीवरून सांधण्याच्या सोयीला वाय-फाय कॉलिंग म्हणतात: नंबर तोच, सिम तेच, नंबर फिरवण्याची रीत तीच, फक्त आवाज घरातल्या राउटरकडे जातो आणि इंटरनेटच्या वाटेने मोबाइल कंपनीच्या जाळ्यात शिरतो. या सोयीचे तंत्र जगात २००५ च्या सुमारास तयार होते आणि भारतात ती २०१९ च्या अखेरीस आली. मधल्या चौदा वर्षांचा उलगडा केवळ यंत्रांकडे पाहून होत नाही. त्यासाठी आवाज कोणत्या वाटेने न्यावा आणि त्या वाटेवरची जकात कोणी घ्यावी, हा जुना वाद पाहावा लागतो.

हा वाद भारतातल्या टेलिफोनइतकाच जुना आहे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे १८८२ मध्ये टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली ती खासगी कंपनीच्या भांडवलावर, सरकारी परवान्याने. आणि तीनच वर्षांनी, १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने, तारेने संदेश वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे राहील आणि इतरांना तो परवान्यानेच वापरता येईल, असे ठरले. मुंबईची टेलिफोन कंपनी सरकारने १९४३ मध्ये ताब्यात घेतली, स्वातंत्र्यानंतर सगळा कारभार डाक-तार खात्याकडे एकवटला, पण कायद्याचा तो गाभा पुढे शतकाहून अधिक काळ तसाच राहिला. पुढे इंटरनेटवरून बोलण्याचा प्रश्न उभा राहिला तेव्हा तो ज्या चौकटीत तपासला गेला, ती चौकट मोर्स यंत्राच्या काळात बांधलेली होती.

तारेच्या त्या काळात दुर्मीळ होती ती तारच. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवावा लागे, म्हणजे दोन एक्स्चेंजांमधल्या मोजक्या तारांपैकी एक मोकळी होईपर्यंत ऑपरेटरच्या बोलावण्याची वाट पाहावी लागे; घाई असेल तर ‘अर्जंट’, त्याहून घाई असेल तर ‘लाइटनिंग’, आणि त्या त्या घाईप्रमाणे दर चढता. ठरावीक माणूस फोनवर आल्याखेरीज वेळ मोजायला सुरुवात होऊ नये, यासाठी ‘पर्टिक्युलर पर्सन’ अर्थात पी. पी. कॉलची सोय होती आणि तिने मराठी मध्यमवर्गाला एक कायमचा शब्द दिला: ज्यांच्या घरी फोन नव्हता ते शेजाऱ्याचा नंबर आपल्या लग्नपत्रिकेवर व व्हिजिटिंग कार्डावर छापत आणि त्यापुढे कंसात ‘पी. पी.’ लिहीत. शेजारच्या घरून हाक आली की जिना उतरून धावत जायचे, ही त्या दोन अक्षरांमागची रीत होती. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्यात ऑपरेटरवाचून थेट नंबर फिरवण्याची, म्हणजे एस. टी. डी.ची सोय देशात प्रथम झाली खरी, तरी खेड्याच्या दृष्टीने तो बदल फार दूरचा होता. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातले आकडे या बाबतीत बोलके आहेत: शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन, सुमारे ८० लाख जोडण्या, सुमारे २५ लाखांची प्रतीक्षायादी, आणि देशातल्या ५,७६,४९० खेड्यांपैकी फोन पोहोचलेली खेडी जवळपास १ लाख ४० हजार.

खेड्यापर्यंत आवाज नेण्याचे दोन प्रयत्न या काळात झाले आणि दोन्हींची आठवण पुढच्या इतिहासासाठी ठेवली पाहिजे. पहिला यशस्वी ठरला. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज तयार केले, ते वातानुकूलनाविना, धुळीत आणि उन्हात चालेल असे घडवले, आणि १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूर येथे ते प्रथम बसवले. त्यानंतरच्या दशकात तालुक्याच्या गावी आणि एस. टी. स्थानकांसमोर जी पिवळ्या पाटीची एस. टी. डी. बूथ दिसू लागली, त्यांच्यामागे अशा एक्स्चेंजांचा मोठा वाटा होता. दुसरा प्रयत्न बिनतारी होता आणि तो फसला. मल्टी ॲक्सेस रेडिओ रिले, सरकारी कागदांत ‘मार’, या पद्धतीत एका मध्यवर्ती केंद्रावरून दोन रेडिओ वाहिन्या सुटत आणि त्यांवर पंधरा गावांतले सार्वजनिक फोन आळीपाळीने चालत, म्हणजे दोन गावे बोलत असली की उरलेल्या तेरांना थांबावे लागे. गावातल्या यंत्राला सौरपट्टी आणि बॅटरी लागे, ती बिघडली की दुरुस्तीला माणूस यायला आठवडे जात, आणि अखेरीस हे फोन मोठ्या संख्येने बदलावे लागले. दुर्गम गावाला तार नको, हवाच पुरेशी आहे, या विश्वासाला पहिला तडा येथे गेला. तो धडा पुरता गिरवला न जाताच मोबाइलचे युग सुरू झाले.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातल्या मोबाइल सेवेचा आरंभ केला आणि त्याच वर्षी मुंबईतही ती सेवा आली. आरंभी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. १ मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे असे ठरले, तेव्हापासून मोबाइल खऱ्या अर्थाने सर्वांच्या हाती गेला. दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई हे एक स्वतंत्र परिमंडळ आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र हे दुसरे. या दुसऱ्या परिमंडळात सह्याद्रीची संपूर्ण रांग, कोकणपट्टी, सातपुड्यातला अक्राणीचा टापू आणि गडचिरोलीचे अरण्य येते, आणि मराठीला ‘रेंज’ हा शब्द दिला तो मुख्यतः या प्रदेशाने.

‘रेंज’ या शब्दाचा इंग्रजीतला अर्थ पल्ला; मराठीत मात्र तो पावसासारखा येतो आणि जातो. रेंज येते, रेंज पळते, रेंज एक दांडी असते, रेंज फक्त वडाखाली असते. या बोलण्यामागे पक्के भौतिकशास्त्र आहे. भारतात मोबाइल सेवा आरंभी ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर चालली. त्यांची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, आणि अशा लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगराच्या कडेवरून किंचित वाकतात, पण खोल दरीत उतरत नाहीत. पुढे १८०० मेगाहर्ट्झ आणि चौथ्या पिढीत २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरात आले, लहरींची लांबी १३ सेंटिमीटरपर्यंत खाली आली, माहिती वाहण्याची क्षमता वाढली, आणि भिंत भेदण्याची ताकद त्याच प्रमाणात घटली. मोबाइलचे जाळे वेगवान होत गेले तसतसे काही घरांच्या आतले फोन अधिक मुके होत गेले, ही विसंगती जाहिरातींत कधी आली नाही, पण जाड भिंतींच्या घरांत राहणाऱ्यांनी ती रोज अनुभवली.

कोकणातले घर या दृष्टीने जवळून पाहण्याजोगे आहे. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत, तीही सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी. पाणी रेडिओलहरी शोषून घेते, त्यामुळे मे महिन्यात माजघरात जी एक दांडी दिसते ती आषाढात पडवीवर येते आणि श्रावणात अंगणात. अशा घरांत फोनची एक ठरलेली जागा असे: पडवीच्या खांबावरचा खिळा, खिडकीची चौकट किंवा पायरीचे टोक. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खिळ्याला अडकवलेला, आणि वाजला की तेथेच उभे राहून, मान एका बाजूला वाकवून, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे बोलणे. फोन फिरता होता आणि माणूस खिळलेला होता, पी. पी. नंबरच्या काळात निदान शेजाऱ्याच्या घरात बसायला खुर्ची तरी मिळे.

शहरात कारणे वेगळी होती, परिणाम तोच. सिमेंट-सळईचे बांधकाम, धातूचा पातळ थर दिलेल्या काचा, तळघरातली वाहनतळे आणि दुकाने यांनी लहरी अडवल्या. त्यातच टॉवरच्या किरणोत्सर्गाविषयीच्या भीतीमुळे अनेक गृहनिर्माण संस्थांनी गच्चीवर टॉवर उभारू देण्यास नकार दिला आणि सरकारनेही १ सप्टेंबर २०१२ पासून उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांश इतकी खाली आणली. यावर बाजारात उपाय आला तो ‘बूस्टर’ नावाच्या डब्याचा, जो बाहेरचा क्षीण संकेत पकडून घरात मोठा करून सोडतो. मात्र परवान्याविना बसवलेला असा डबा बेकायदा असतो आणि तो शेजारच्या टॉवरच्या कामात अडथळा आणून दहा घरांची रेंज घालवून एका घराची सोय करतो.

परदेशात याच अडचणीतून वेगळी वाट निघाली होती. २००५ मध्ये मोबाइलच्या जागतिक मानकांत अशा एका पद्धतीचा समावेश झाला की जिच्यामुळे फोनला घरातली ब्रॉडबँड जोडणी हाच एक टॉवर वाटावा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये बी. टी. कंपनीने ‘फ्यूजन’ ही सेवा काढली, जी घरात आरंभी ब्लूटूथवर चाले, आणि अमेरिकेत टी-मोबाइलने २००७ च्या जूनमध्ये ‘हॉटस्पॉट ॲट होम’ या नावाने वाय-फायवरची सेवा देशभर आणली. अमेरिकेतल्या प्रयोगामागचे कारण मोठे बोलके होते: ही कंपनी तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत लहान होती, तिच्या हाती १९०० मेगाहर्ट्झचाच, भिंतीपुढे हार खाणारा पट्टा होता, आणि घराघरांत रेंज नेण्यासाठी हजारो टॉवर उभारण्यापेक्षा ग्राहकांच्या घरी आधीच आलेली तार वापरणे तिला परवडणारे होते. तरीही या पहिल्या लाटेतल्या सेवा फार पसरल्या नाहीत, कारण त्यांसाठी ठरावीक फोन घ्यावे लागत. २०१४ मध्ये आयफोनमध्ये ही सोय आली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनच्या मोठ्या कंपन्यांनी ती स्वीकारली, तेव्हा वाय-फाय कॉलिंग ही खास मागून घ्यायची सेवा न राहता फोनच्या सेटिंगमधली एक साधी कळ झाली.

भारतात मात्र कळ असलेले फोन विकले जात होते आणि कळ दाबून उपयोग नव्हता. याचे एक कारण तांत्रिक होते. या सोयीसाठी कंपनीच्या मध्यवर्ती जाळ्यात आवाजाला माहितीच्या पुडक्यांच्या रूपात हाताळणारी व्यवस्था लागते. जुन्या पद्धतीत प्रत्येक संभाषणासाठी एक स्वतंत्र मार्ग शेवटपर्यंत राखून ठेवला जाई, तर नव्या पद्धतीत आवाजाचे बारीक तुकडे पाडून ते इतर माहितीबरोबरच पाठवले जातात. भारतातल्या कंपन्यांचा आवाज दीर्घकाळ जुन्या पद्धतीनेच चालला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे जाळे न घेता थेट चौथ्या पिढीवर सेवा सुरू केली, त्यामुळे तिला आवाजही नव्या पद्धतीनेच, म्हणजे व्होल्टीने द्यावा लागला. इतर कंपन्या मागोमाग त्या वाटेला आल्या आणि वाय-फाय कॉलिंगचा पाया देशात घातला गेला.

दुसरे कारण परवान्याचे होते आणि ते अधिक खोल आहे. परदेशी कॉलचा विदेश संचार निगमचा एकाधिकार ३१ मार्च २००२ रोजी संपला, आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, इंटरनेटवरून बोलण्याला भारतात मर्यादित मोकळीक मिळाली. मर्यादा कोणती, हे नीट पाहिले पाहिजे: एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर बोलता येई, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवरही बोलता येई, पण भारतातल्या संगणकावरून भारतातल्याच साध्या फोनवर बोलता येत नसे. सायबर कॅफेत बसून न्यू जर्सीतल्या मुलाचा फोन लावणे कायदेशीर आणि त्याच जागेवरून नाशिकला लावणे बेकायदा, अशी ही रचना होती. तिच्यामागे हेतू नव्हता असे नाही. ज्या कंपन्यांनी मोठी परवाना-शुल्के भरून देशभर टॉवर व तारा उभारल्या होत्या, त्यांचा धंदा इंटरनेटवाल्यांनी फुकट नेऊ नये, ही त्या रचनेची भूमिका होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००८ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली, पण तिची अंमलबजावणी झाली नाही. स्काइप आणि पुढे व्हॉट्सॲप यांनी ॲपपासून ॲपपर्यंतचे बोलणे सर्वदूर नेले, तरी ॲपच्या बाहेरचा दहा आकडी नंबर त्यांच्या आवाक्याबाहेरच राहिला.

ट्रायने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी पुन्हा शिफारशी दिल्या आणि त्यांत एक मूलभूत विधान होते: इंटरनेटवरची दूरध्वनी सेवा ही तिच्याखालच्या जोडणीला बांधलेली नाही, म्हणजे सेवा एका कंपनीची आणि तिच्याखालचे इंटरनेट दुसऱ्या कंपनीचे असले तरी चालेल. जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटी त्याप्रमाणे स्पष्ट केल्या. १८८५ पासून तार आणि आवाज कायद्याच्या नजरेत एकच होते. त्यांची फारकत त्या एका विधानाने झाली, आणि भारतीय दूरसंचाराच्या इतिहासात तिला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे अजून मिळालेले नाही. तिचा पहिला लाभ भारत संचार निगमने घेतला: जुलै २०१८ मध्ये तिने ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली, जिच्यात ॲपवर एक वेगळा दहा आकडी नंबर मिळे. मूळ नंबरवरच चालणारी सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरातून सुरू केली, जानेवारी २०२० मध्ये जिओने ती देशभर आणली, आणि व्होडाफोन-आयडियाने डिसेंबर २०२० मध्ये तिचा आरंभ केला तो महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या परिमंडळांतून. या तीन कंपन्यांनी त्यासाठी वेगळे शुल्क ठेवले नाही.

सोयीची घडण थोडक्यात अशी आहे. फोन वाय-फायला जोडला गेला की तो इंटरनेटवरून कंपनीच्या एका सुरक्षा-द्वाराशी संपर्क साधतो. सिमच्या आत कोरलेली गुप्त किल्ली आणि कंपनीकडची तिची जुळी प्रत यांचा मेळ बसला की दोघांमध्ये सांकेतिक लिपीत गुंडाळलेला एक बोगदा तयार होतो आणि पुढचे सगळे बोलणे त्यातून जाते, त्यामुळे वाय-फाय कोणाचेही असले तरी मधल्याला काही ऐकू येत नाही. आवाजासाठी लागणारी जागा अगदी थोडी असते: जुन्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये एका बोलण्याला सेकंदाला ६४ हजार बिट लागत, तर आताच्या संकेतनात त्याहून रुंद स्वरपट्टीचा, म्हणजे अधिक स्वच्छ, आवाज सुमारे १२,६५० बिटांत बसतो. म्हणून ज्या जोडणीवर चित्रपट अडखळतो तिच्यावरही बोलणे नीट होऊ शकते. तिथे वेगापेक्षा तुकडे वेळेवर पोहोचणे महत्त्वाचे. बहुतेक ठिकाणी लघुसंदेशही याच वाटेने येतात, आणि बँकेचा ओटीपी मिळवण्यासाठी टेकडी चढणाऱ्यांना ही गोष्ट बोलण्याइतकीच मोलाची ठरली.

या सेवेचे आगमन आणि कोरोनाची टाळेबंदी यांची गाठ पडली हा योगायोग होता, पण त्याने सेवेची खरी मर्यादा उघडी केली. २०२० च्या पावसाळ्यात कोकणातले विद्यार्थी ऑनलाइन तासांसाठी डोंगरावर जाऊन बसत होते, कारण त्यांच्या वाडीत रेंज नव्हती आणि तारही नव्हती. वाय-फाय कॉलिंगला घरापर्यंत आलेली तार आधी लागते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली होती, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले, तरी पंचायतीपासून घरापर्यंतचे शेवटचे अंतर बऱ्याच ठिकाणी पार केले ते तालुक्यातल्या केबलवाल्याने. विजेच्या खांबांवरून, आंब्याच्या फांद्यांमधून, कधी कुंपणाच्या कडेने काळी बारीक तार ओढत त्याने वाड्यांमध्ये जोडण्या दिल्या, आणि ज्या वाडीत कोणत्याही कंपनीला टॉवर परवडत नव्हता तिथे त्याच्या तारेने मोबाइल वाजू लागला. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० वंचित गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची चौथ्या पिढीच्या टॉवरांची योजना मंजूर केली. टॉवर हवेतच, कारण शेतातल्या आणि रस्त्यावरच्या माणसाला राउटर उपयोगाचा नाही, पण दरीतल्या घराच्या आत आवाज नेण्याचे काम तेवढ्याने होत नाही, हे धोरण आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे.

तारेच्या या परतण्यात एक गोष्ट मात्र जुन्या तारेसारखी नाही. तांब्याच्या जोडीवरून टेलिफोनला आवाजाबरोबर वीजही मिळे. एक्स्चेंजमधल्या बॅटरीखोलीत शिशाच्या बॅटऱ्यांची रांग असे आणि तिच्या ४८ व्होल्टवर गावातले फोन गावची वीज गेली तरी वाजत. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. घरातली वीज गेली की राउटर बंद, खांबावरचा केबलवाल्याचा डबा बंद, आणि त्याबरोबर फोनही बंद. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला धडकले, विजेचे खांब आणि टॉवर दोन्ही निकामी झाले, आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांचा कोणाशीच संपर्क उरला नाही. त्यानंतर कोकणातल्या ज्या घरांनी ब्रॉडबँड घेतले त्यांपैकी अनेकांनी राउटरला छोटी बॅटरी जोडून घेतली. टीव्हीशेजारच्या फळीवर, राउटरच्या मागे, हिरवा दिवा लुकलुकणारा तो पांढरा डबा आता माजघरातच असतो, आणि पडवीच्या खांबावरच्या खिळ्याला छत्री अडकवलेली असते.